टबातला नाकतोडा

पुढच्या जूनमध्ये नेब्रास्काहून मोंटानाला ट्राउट मासे धरायला जायचं, असं बाबांनी सप्टेंबरातच जाहीर केलं. लगेच ते स्वयंपाकघरात बसून गळावर पिसं गुंडाळत खोटे किडे बनवू लागले.

"पण हे मासे खातात तरी काय?" आईनं विचारलं.

"मी टाकीन ते!"

आईचं समाधान झालं नाही. तिनं सरळ मोंटानातल्या गळांच्या दुकानात फोन लावला.

"ऑगस्टमध्ये या," तिथली बाई म्हणाली. "वाऱ्यानं नाकतोडे नदीत पडतात, मासे त्यांच्यावर नुसते तुटून पडतात."

"नाकतोडा पाण्यात करतो काय गं?" फोन ठेवून आईनं आम्हाला विचारलं. मग माझी बहीण अर्लीननं अंगणातून एक पकडून आणला आणि आईनं तो पाण्याच्या टबात सोडला. तो बुडाला नाही. मागचे पाय झाडत, मध्येच थांबत, कडेकडे सरकू लागला.

"अरेच्चा, दम खातोय बघ!" बाबा केव्हाच टबाशी गुडघे टेकून बसले होते. त्याला गवतात सोडून ते आत गेले आणि आपल्या किड्याला रबराचे लांब पाय बांधून आले.

"ऑगस्टच बरा, व्हर्ना," ते आईला म्हणाले. "अजून एक पकड ना. मघाचा नीट बघितलाच नाही."