आठ-एकतीस

आमच्या बहिणीचं, मॉडचं, लग्न झालं ते वर्ष १९६८. लग्नातला उरलेला केक डब्यात घालून आम्ही शर्यतीला नेला होता, म्हणून साल चुकत नाही.

थोरला भाऊ विल्फ घरीच बांधलेल्या, एकट्याने बसायच्या गाडीतून अकरा वर्षं शर्यतींत उतरत होता. दुसरा यायचा, तिसरा यायचा, पहिला कधीच नाही. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, हा हंगाम शेवटचा. दोनच शर्यती उरल्या होत्या. जुन्या विमानतळावरची जिंकता येईल असं त्याला वाटत होतं.

गाडीचं काम माझं. तो सकाळच्या पाळीला, मी दुपारच्या, त्यामुळे भेट कमी. मागची चाकं फिरवणारा डिफरन्शियल कुठला, गिअर कुठले, ते तो चिठ्ठीवर लिहून पान्याखाली ठेवी. नुसते आकडे. आकडे मला येत होते, अक्षरं येत नव्हती. हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

डिफरन्शियलमध्ये एकतीस दातांच्या मोठ्या चक्राला आठ दातांचं छोटं चक्र घातलं की गाडी वळणातून उसळून निघते, पण लांब सरळ रस्त्यावर इंजिनाचा दम लवकर संपतो. नऊ दातांचं नेमकं उलट.

विमानतळावरच्या शर्यतीच्या आठवड्यात चिठ्ठीवर ८-३१ होतं आणि पुढे दोन शब्द. असेल काही कुरकुर, असं समजून मी बसलेला नऊचा जोड काढला आणि आठचा बसवला. दोन दिवस गेले, बोटं सोलली.

शर्यतीत विल्फ प्रत्येक वळणातून सगळ्यांच्या पुढे निघे आणि धावपट्टीवर मागे पडे. सहावा आला. जिंकलेला सिरिल गार्टन चहाचा मग घेऊन आमच्याकडे आला.

"काय रे विल्फ, शिवणयंत्र चालवत होतास का? इथे आठवाला कुणी बसवला?"

विल्फने हेल्मेट काढलं. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मीच सांगितला होता," तो म्हणाला. "केक खा."

घरी बायकोने चिठ्ठी वाचून दाखवली. ते दोन शब्द होते, 'मुळीच नको'.

शेवटच्या शर्यतीआधी पान्याखाली पुन्हा चिठ्ठी होती. ८-३१, त्यावर मोठी फुली. खाली ९-३१, भोवती गोल. शब्द एकही नाही. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. त्या शर्यतीत तो चौथा आला आणि गाडी विकून टाकली.

अक्षरं मी साठीनंतर शिकलो. विल्फ १९७१ च्या मार्चमध्ये, सोळा तारखेला, मंगळवारी गेला.