तिन्ही पेले एकाच जगातले

तक्ता क्रमांक एकेचाळीस. सकाळ.
पेले तीन. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता?
दादाचं उत्तर: मधला. लिंबाच्या सालीचा वास, शेवट कोरडा.
माझा शेरा:

शेरा लिहायचा राहिला, कारण तेव्हाच माझी नजर ओट्यावरच्या दोन काचेच्या जगांवर गेली. डाव्या जगात जुन्या हॉप्सची बिअर, उजव्यात नव्या. उजवा जग काठोकाठ भरलेला. दहा दिवस हेच चाललंय. दमलेल्या हातांनी मी तिन्ही पेले डाव्यातूनच भरले होते.

"दादा, मधला नक्की?"

"आजवर चुकलोय?"

"तिन्ही एकच आहेत."

त्यानं मधला पेला खाली ठेवला. आमच्या बिअरमध्ये हॉप्सच्या कुठल्या वेलीची कडू, वासाची बोंडं पडणार, हे दरवर्षी माझ्या थोरल्या भावाचं नाक ठरवतं. नवा माल व्यापारी आज बारापर्यंतच राखून ठेवणार होता.

"तापानंतर गेलं," दादा म्हणाला. "साबणाचासुद्धा वास येत नाही."

"ताप येऊन चार महिने झाले! मग हे चाळीस तक्ते?"

"तुझं तोंड बघून. वेगळा पेला ठेवताना तू ओठ दाबतेस."

"आणि आज?"

"आज तोंडावर नुसता थकवा. दिला मधला ठोकून."

"वर लिंबाची साल!"

"नाकाने कांदे सोलायची सवय. लगेच जाते होय?"

हसायलाही ताकद नव्हती.

"वहिनीला माहितीये?"

"भाजी करपली तेव्हा कळलं तिला. मी शेगडीशेजारीच उभा होतो."

तक्ता क्रमांक बेचाळीस. पावणेबारा.
कडूपणा (दादाचं अक्षर, तेवढं जिभेला कळतं म्हणाला): नव्याचा जास्त. पण रेंगाळतो.
वास (माझं अक्षर):

नवी बोंडं तळहातांवर चोळली, हात नाकाशी नेले. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तिकडे तोंड कर."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

वास: ओलं गवत. मागून, उशिरा, लिंबाची साल.

ही साल बोंडांतली की मघाशी दादानं डोक्यात घातलेली? खोडली. हात धुतले, पुसले, कोरडे होऊ दिले. पुन्हा चोळली.

वास: ओलं गवत.

"जुनीच घेऊ," मी म्हटलं. "नव्यात काही नाही."

"नक्की?"

"नाही. पण जुनीच."

त्यानं तोंड भिंतीकडेच ठेवलं.

"मग व्यापाऱ्याला फोन तूच कर," म्हणाला.