सौसरातला पावडरीचा तुटवडा

विजयमालानं एम.ए.चा खाजगी फॉर्म भरला तो अर्थशास्त्राचा. बी.ए.ला मराठी होतं, तेव्हा इथं सगळं मुळापासून. बाळ झोपलं की ती पुस्तक घेऊन बसायची. एका घराचा हिशेब वेगळा अन् अख्ख्या देशाचा वेगळा, एवढं कसंबसं डोक्यात शिरलं होतं.

बाळाला गाईचं दूध पचत नव्हतं, डब्याची पावडरच लागायची. त्यामुळे नागपूरहून सौसरला माल येऊन नाही राहिला, असं केशवरावांच्या दुकानात कोणी बोललं, तशी ती फळीकडे वळली. पिशवीत मावले तेवढे डबे तिनं घरी आणले.

शेजारच्या कमलनं पिशवी पाहिली. शिकलेली बाई उगाच थोडीच नेते! तीही गेली, तिच्या मागं बाकीच्या. संध्याकाळी फळी जवळजवळ रिकामी, अन् उरल्या डब्यांचा भाव चढलेला.

सकाळी दुकानाच्या पायरीवर रामाकोना गावाहून आलेली उषा बसली होती, मांडीवर तान्हं पोर. चढा भाव तिला झेपत नव्हता, अन् परतीची बस दुपारी होती. पोर रडून रडून थकलं होतं. विजयमाला तिथंच थबकली. भाव वाढतील या भीतीनंच भाव वाढतात, हे तिनं परवाच वाचलं होतं. भिणारे लोक दिल्ली-मुंबईचे असतील, असं वाटलं होतं तिला.

घरी येऊन डबे परत न्यायला हात घातला, तर उचलवेनात. खरंच माल आला नाही तर? एक डबा गुपचूप उषाला देता आला असता. पण मग बाकीच्यांची भीती तशीच राहिली असती. एक बाळासाठी ठेवून, भर दुकानात बायांसमोर तिनं पिशवी रिकामी केली.

कमलनं विचारलं, "काऊन वहिनी, माल येऊन राहिला काय?"

"मले नाही माहीत. मी भ्याली म्हणून तुम्ही भ्याल्या. एक डबा पुरते मले."

कमल हसली. "मंग मीच काऊन घरात दुकान मांडून बसू?" अन् ती आपले डबे आणायला वळली.

केशवराव कुरकुरले, परत घेईन पण जुन्याच भावात.

"मग विकाही जुन्याच भावात," विजयमाला म्हणाली.

बाया माना डोलावू लागल्या, तशी केशवरावांनी भावाची पाटी पुसली. उषानं पदराची गाठ सोडली. शेजारच्या चहावाल्यानं उकळलेलं पाणी दिलं. ते निवेपर्यंत सगळ्या तिथंच उभ्या राहिल्या, अन् पोरानं पहिला घोट घेतला तेव्हा घरी जायची घाई कोणालाच नव्हती.