तुराट्यांच्या गॅसवरचा पहिला चहा

भैयाजींच्या तोंडात तीळ म्हणून भिजत नाही. भाची नूपुरची भट्टी अजून पेटायचीच होती, आणि यांनी अर्ध्या नंदनवन वस्तीला चहाचं आवतण देऊन टाकलं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

भट्टीचं पोलादी भांडं मात्र त्यांनीच आपल्या वेल्डिंगच्या दुकानात घडवलेलं. आत तीन तऱ्हेचे क्षार लालभडक तापून पाण्यासारखे पातळ झाले होते. त्यांत तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कोळसा आणि वाफ सोडली, की नळीतून शेगडीपर्यंत जळणारा गॅस येणार, असं नूपुरचं संशोधन. आज कॉलेजातून चंद्रभान सर येऊन अंगणात घड्याळ घेऊन बसले होते. ज्योत सलग दहा मिनिटं टिकली तर काम पुढे चालणार. नाहीतर नूपुरची तीन वर्षं मातीत.

नूपुरनं काडी लावली. भक्! निळीशार ज्योत.

"पेटली गा, पेटली!" भैयाजींनी चक्क शिट्टी मारली.

त्यांच्या बायकोनं, शोभाताईंनी, लगेच दुधाचं पातेलं चढवलं. नऊ मिनिटं ज्योत हलली नाही. भैयाजींचे पाय जमिनीवर नव्हते. इतक्यात दूध वर आलं, शोभाताई कौतुकानं बघत राहिल्या, आणि फस्सकन ज्योत विझली.

"अवं, पातेलं काहून नाही उतरवलं?" भैयाजी ओरडले.

"नव्या चुलीवर दूध उतू जाऊ द्या लागते. बरकत येते. म्हणून तर काठोकाठ भरलं होतं!"

भैयाजींना ब्रह्मांड आठवलं.

"मागं व्हा सारे, गॅस विषारी आहे!" नूपुरनं पातेलं बाजूला केलं, शेगडी पुसली, काडी लावली. भक्! गॅस येतच होता.

सरांनी घड्याळ शून्यावर आणलं. "पुन्हा पहिल्यापासून."

कोळसा थोडाच उरला होता. भैयाजी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. आठ. नऊ. दहा! अकरा झाली तरी ज्योत तशीच. नूपुर मामीच्या गळ्यात पडून हसता हसता रडली.

सरांनी वहीत लिहिलं ते मोठ्यानं वाचलं: "पहिल्या खेपेस ज्योत विझली. कारण, दूध."

उतू जाऊन उरलेलं दूध घाईत पातेलं हलवताना सांडलेलं, म्हणून सर्वांना कोराच चहा मिळाला. सर फुरका मारत म्हणाले, "शोभाताई, पुढच्या मोठ्या भट्टीवरही दूध तुम्हीच ठेवा. फक्त दहा मिनिटं झाल्यावर."

ही बातमी भैयाजींना सांगावी म्हणून नूपुर वळली, तर भैयाजी जागेवर नव्हतेच. ते उरलेल्या अर्ध्या नंदनवनाला आवतण द्यायला निघालेही होते.