खाणीखालचा हिरवा रंग

मोबाइल कंपनीच्या ऑफिसात त्याला सगळे चेष्टेने 'प्रोफेसर' म्हणत आणि तो ते खरं धरून चालत असे. टॉवरवरून निघालेला सिग्नल भिंती, झाडं, टेकड्या पार करताना वाटेत किती विरतो, याचा अंदाज बांधणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता. सिग्नल पुरेल तिथे नकाशा हिरवा, नाही तिथे लाल. मोजणीची गाडी शहरभर फिरून आकडे आणायची. जिथे फोन मुकाच राहिला, तिथले रकाने रिकामे यायचे. प्रोफेसर ते कचरा म्हणून काढून टाकायचा. म्हणजे ज्यांची बोंब होती, त्यांनाच याने हिशेबातून उडवलं. उरलेल्या आकड्यांवरून प्रोग्राम शिकला की सगळीकडे आनंदीआनंद आहे. नकाशा हिरवागार झाला, साहेबांनी पाठ थोपटली. कुणी तक्रार केलीच तर याचं उत्तर तयार असे: फोन नीट धरत नसतील.

त्या हिरव्यात टेकडीवरच्या खाणीखालची वसाहतही होती. तिथे त्याची मावशी एकटी राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. घरात फोन लागत नाही, हे सांगून ती थकली, पण तिलाही तेच उत्तर मिळालं. वसाहतीसाठी ठरलेला टॉवर रद्द करा, ही शिफारसही याचीच. एवढी अक्कल पाजळणाऱ्याला एकदा तिच्या घरी जाऊन बघायला मात्र सवड नव्हती.

मग मावशी जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं. तिला हॉस्पिटलात ठेवल्यावर तो तिचे कपडे आणायला घरी गेला. कपाटाची किल्ली सापडेना, म्हणून तिला फोन लावला. लागेना. खिडकीत गेला, अंगणात गेला, फोन ढिम्म. शेवटी गच्चीच्या अरुंद लोखंडी जिन्याने वर चढला. अगदी वरच्या पायरीवर फोनमध्ये एकदाची धुगधुगी आली. त्या पायरीवर बसायला जुन्या चादरीची घडी बांधून ठेवलेली होती. तिच्यावरच बसून त्याने परत फोन लावला.

"वरच्या पायरीवर आहेस ना?" मावशीने विचारलं. "जपून उतर. ती डुगडुगते."

"तू मला इथून फोन करायचीस?"

"मग कुठून करणार बाबा?"

दुसऱ्या दिवशी त्याने फेकलेले रिकामे रकाने परत घातले आणि लालभडक नकाशा घेऊन साहेबांकडे गेला. वसाहतीचा टॉवर परत द्या, म्हणून अक्षरशः हात जोडले. मावशीचं सगळं सांगितलं. साहेबांनी जुना हिरवा नकाशा कौतुकाने त्याच्यापुढे सरकवला.

"फोन नीट धरत नसतील रे त्या," ते म्हणाले.