एकाहत्तरावी धाव

मित्रांनो, मी स्कोअरची एक जुनी वही आहे. अमेरिकेतल्या हॅलोफोर्ड गावच्या बेसबॉल संघाने मला १८८४ साली विकत घेतले. माझ्यात लिहीत असत लुसिंडा मार्श, गावच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई.

त्या काळी एकच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जवळजवळ सगळे सामने टाकत असे. आमच्या सायलस पर्डीने त्या मोसमात अठ्ठावन्न टाकले! त्याच्या माथी लागलेल्या धावा फक्त सत्तर, म्हणजे सामन्यामागे १.२०७. शेजारगावच्या पिचरची सरासरी होती १.२१२. आकडा जितका कमी, तितका पिचर सरस. दोघांत जो सरस ठरेल, त्याला शहरातला मोठा संघ बोलावणार होता.

शेवटच्या सामन्यात, नऊपैकी सातव्या डावात एक चेंडू आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, जेरोम याच्या मागे गेला आणि एक धाव झाली. बाईंनी ती कॅचरची चूक म्हणून लिहिली. अशी धाव पिचरच्या माथी लागत नसे.

सामना संपताच सायलस बाईंजवळ आला.

“बाई, सातव्या डावातली धाव कुणाच्या नावावर टाकली?”

“जेरोमच्या. चेंडू त्याच्या हातून सुटला.”

“हातात आला असता तर सुटला असता ना. मी तो जमिनीवर आपटला. खोडा ते.”

तेव्हा कॅचर उघड्या हातांनीच झेलत. जेरोम बोटे पाण्याच्या बादलीत बुडवून बसला होता. तो म्हणाला, “असू दे रे. माझ्या नावावर एकेचाळीस चुका आहेतच. बेचाळिसावीने काय आभाळ कोसळतंय?”

“तू गप रे. बोटं बघ, काकड्या झाल्यात. वर माझी चूकही तूच झेलणार?”

“सायलस, मोठा संघ हातचा जाईल,” बाई म्हणाल्या. “हिशेब केलायस का?”

“तुम्हीच शिकवलाय, बाई. एकाहत्तर भागिले अठ्ठावन्न.”

बाईंनी खोडले. उत्तर आले १.२२४. शहरात शेजारगावचा पिचर गेला. सायलस आणि जेरोम पुढची सहा वर्षे आमच्याच मैदानावर खेळले.

मग संघ मोडला. मी कपाटात पडले, उंदरांनी माझा कोपरा कुरतडला. आता वाचनालयात लोक मला उघडतात, पहिला कोण ते शोधतात आणि मिटून ठेवतात.

मित्रांनो, तुम्ही आलात तर शेवटचे पान जपून उलटा. खोडलेल्या जागी कागद पातळ झाला आहे. माझ्यात हजारो आकडे आहेत, पण खेळाडूने स्वतः मागून घेतलेला आकडा तो एकच.