विटांवरचा दरवाजा

“जाळू नका रे त्याला. विटांवर आडवा टाका, टेबल होईल,” असं सुतारकाका म्हणाले आणि मी वाचलो.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दरवाजा आहे. एका गोदामाच्या कचेरीला मी तीस वर्षं होतो. पुढे गोदाम बंद पडलं, छत कोसळलं आणि भर शहरातल्या त्या जागेत लोक कचरा टाकू लागले. मीही त्यातच पडून होतो.

मग जवळपास भाड्यानं राहणाऱ्या आठ कुटुंबांनी गृहनिर्माण संस्था काढून ती जागा मिळवली. साफसफाईत मी जाळला जाणार होतो, पण त्यांच्यातल्याच सुतारकाकांनी माझं टेबल केलं. नकाशा काढणाऱ्या ताई कागद माझ्यावर पसरत. प्रत्येकानं आपलं घर कसं हवं ते आपणच सुचवायचं, असा त्यांचा नेमच होता. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर खोल्या आखायच्या आणि सगळ्यांनी त्यांत फिरून बघायचं.

तळमजल्यावर एकच घर बसत होतं. ते कुणाला हवं, हे प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून दिलं. ताईंनी चिठ्ठ्या माझ्यावर उघडल्या. आठही चिठ्ठ्यांवर एकच उत्तर होतं, ‘आम्हाला वर चालेल.’

“म्हणजे खाली मांजर राहणार,” रिक्षावाले दादा म्हणाले.

“मावशी, तुम्हीसुद्धा?” ताईंनी विचारलं.

“वर वारा चांगला असतो,” इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या.

“वारा इस्त्रीला हवाय की गुडघ्याला?” सुतारकाका म्हणाले.

मावशी रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून आल्या, की दम खाली बसेपर्यंत त्या माझ्या कडेला हात टेकून उभ्या राहत. तेव्हाही हात तिथेच होता. ताईंनी तो पाहिला.

“कुणाची तरी नड माझ्याहून मोठी असेल, म्हणून तसं लिहिलं,” मावशी पुटपुटल्या.

“अहो, आम्ही सगळ्यांनी ते तुमच्यासाठीच सोडलंय,” दादांची बायको म्हणाली.

मावशींनी पदरानं डोळे टिपले. “मग दार मात्र हेच लावा. याच्यावर हात टेकायची सवय झालीय.”

“लावतो,” सुतारकाका म्हणाले.

वर्षभरात इमारत उभी राहिली. चकचकीत नवे दरवाजे आले. मी चुन्याचे डाग अंगावर घेऊन भिंतीशी टेकून होतो, पण मनात तक्रार नव्हती. इतक्या माणसांची घरं माझ्या पाठीवर आखली गेली, हे काय थोडं झालं? मित्रांनो, एखादी वस्तू किंवा जागा टाकाऊ ठरवण्याआधी क्षणभर तिच्याजवळ थांबा. तिला अजून पुष्कळ द्यायचं असतं.

आज मावशींचं सामान यायचं आहे. त्याआधीच सुतारकाका एकटे आले. खिशात नव्या बिजागऱ्या, हातात तेलाची बाटली. कुणालाही हाक न मारता त्यांनी मला पाठीवर घेतलं आणि ते तळमजल्याकडे चालू लागले.